अवग्रहाच्या जागची खूण

आमच्या घरात स्तोत्रे ज्या पाठाने म्हटली जातात, तो पाठ पत्नीने अखेरच्या काही वर्षांत मोबाइलवर टंकून मुलीकडे पाठवला. मुलगी पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. पंचवटीतल्या माझ्या पाठशाळेसाठी तिने एक संकेतस्थळ केले होते. आईचे पाठ ती त्यात भरत असे. पत्नीला मोबाइलच्या कळफलकावर अवग्रह कधी सापडला नाही. लोपलेल्या अकाराची ‘ऽ’ ही खूण जिथे हवी, तिथे ती इंग्रजीतले एकेरी अवतरणचिन्ह टाकी. नमो'स्तु. मी हटकले की म्हणे, “अहो, देवाला पोचतं. तुम्हालाच तेवढं अडतं.”

ती गेली, सुतक फिटले, पाठशाळा पुन्हा सुरू झाली. मी शिकवीत असे आणि माझाच आवाज मला दुरून ऐकू येई. एका सकाळी संध्या आटोपल्यावर तिच्या एका संदेशातली ओळ उचलून संकेतस्थळाच्या शोधचौकटीत ठेवली. पाठ आला नाही. इंग्रजीत काही ओळी उमटल्या. फोन करून मुलीला त्या वाचून दाखवल्या. तिने लगेच संकेतस्थळ बंद केले.

संध्याकाळी तिने समजावले. संकेतस्थळामागच्या माहितीच्या साठ्याला आज्ञा द्यावी लागते: अमुक शब्द असलेला पाठ आण. शोधणाऱ्याचा शब्द तिने त्या आज्ञेत दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये तसाच चिकटवला होता. आईची खूण आली की अवतरण तिथेच मिटते आणि पुढचे सारे आज्ञा म्हणून वाचले जाते. माझे ‘स्तु’ त्याला उमगले नाही, म्हणून ते अडखळले. जाणत्या माणसाने तिथे सगळे पुसण्याची आज्ञा लिहिली असती, तर तीही पाळली गेली असती. मुलीचा जुना मोबाइल बिघडला तेव्हा त्यातले पत्नीचे संदेश गेले होते, आणि पत्नीच्या मोबाइलवर शेवटचे थोडेच उरले होते. तिचे बाकीचे पाठ या साठ्याखेरीज कुठेच नव्हते. सुदैवाने कोणी आत शिरल्याचे दिसले नाही.

ती खूणच सगळीकडून काढून टाकायची का, असे मी विचारले.

“खूण काढून दार बंद होत नाही, बाबा,” ती म्हणाली. “शिरणारा दुसरी वाट शोधतो. चूक आईच्या खुणेत नाही, माझ्या चिकटवण्यात आहे.”

तिने आधी पाठांची प्रत काढून ठेवली. मग आज्ञा आधीच पूर्ण बांधून तीत एक जागा रिकामी सोडली. टंकलेले काहीही आता त्या जागी केवळ शब्द म्हणून जाते. शोधचौकटीला वाचण्यापुरताच अधिकार ठेवला. मला संस्कृतातले, दुसऱ्याचे बोलणे इथे संपले असे दाखवणारे ‘इति’ आठवले. ‘इति’ने बांधलेले वाक्य आज्ञार्थी असले, तरी ऐकणारा उठून ती आज्ञा पाळत नाही, कोणी असे म्हणाले, एवढेच त्याला कळते. मुलीला हे सांगितले. “हो, अगदी तसंच,” ती म्हणाली. एरवी या साम्याने मी दिवसभर हरखून गेलो असतो.

“आता सगळीकडे खरा अवग्रह घालू का?” तिने विचारले. “लगेच होईल.”

उभे आयुष्य या खुणेपायी मी मुलांना ओळी पुन्हा लिहायला लावल्या आहेत.

“राहू दे,” मी म्हणालो. “मुलांनी नीट लिहिलं तरी तिचं सापडेल, तेवढं बघ.”

दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ पुन्हा सुरू झाल्यावर योग्य अवग्रह घालून ती ओळ शोधली. पाठ आला. नमो'स्तु, तिने टंकले होते तसे. मिळालं का, असे मुलीने फोनवर विचारले, मिळालं म्हणालो. मुले ओटीवर येऊन बसली होती. मी जाऊन पाठ सुरू केला.