झोपेतलं कानडी

मला कुणी एखादी अद्भुत शक्ती देऊ केली, तर मी उडायचं मागणार नाही. धारवाडहून हुबळीला बस जाते, तेवढं मला पुरे आहे. अदृश्य व्हायचीही हौस नाही. घरातलं शेंडेफळ तसंही कुणाला दिसत नाही. मला दुसऱ्याच्या स्वप्नात जाता आलं पाहिजे. चपला दाराशी काढायच्या, कोपऱ्यात बसायचं आणि बघत राहायचं. समोरच्या निवृत्त मामलेदारांना अजून सरकारी जीप न्यायला येते का? आईच्या स्वप्नातल्या मिरजेत अजून टांगे आहेत का? ढवळाढवळ मात्र करायची नाही, हा माझा नियम.

ही मागणी नव्वदच्या दशकातली, धारवाडच्या मळमड्डी भागातल्या आमच्या घरातली. अप्पा वकील, अक्का माझ्याहून बरीच मोठी. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. आम्हा बहिणींची भांडणं मात्र घरातही कानडीतच व्हायची. मराठीत आम्ही फार गुणी मुली होतो.

अक्का झोपेत बोलायची, तेही कानडीत. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती पंख्याखाली आडवी व्हायची, मी शेजारी. खिडकीतला उन्हाचा पट्टा सरकत सरकत तिच्या पायांवर यायचा, पंखा कुरकुरायचा, आणि मीही अर्धी झोपेत असताना तिचं सुरू व्हायचं, "सुम्न कुंदर्री!" गप्प बसा! ती नुकतीच कानडी शाळेत शिकवायला लागली होती. तिसरीच्या मुली तिथंही तिला सोडत नव्हत्या.

मग पुण्याचं स्थळ आलं. आई हरखून गेली. अप्पांनी विचारलं तेव्हा अक्का खाली बघून म्हणाली, "हो, अप्पा." पुण्यात तिच्या कानडीचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून झोपेतल्या मुली गेल्या आणि एकच शब्द उरला. "वल्ले."

वल्ले म्हणजे नुसतं नको नव्हे. 'नको' म्हटलं तरी आमच्याकडे ताटात आणखी एक पोळी पडतेच. 'वल्ले' म्हणणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा वाढत नाही.

पण ती कशाला वल्ले म्हणत होती? स्वप्नात कुणी भाकरीचा आग्रह करत असेल, तर? मी डोळे मिटून तिच्या स्वप्नात शिरायची खटपट करायची. मला धारवाडचं स्टेशन दिसायचं, धुक्यात उभी गाडी, आत अक्काची ट्रंक आणि फलाटावर अक्का. माझा नियम मोडून मी ती ट्रंक खाली ओढायची. अक्का गेली तर मी भांडू कुणाशी, हेही होतंच. मला फार भीती वाटत होती.

रविवारी बोलणी पक्की व्हायची होती. मी अप्पांना सांगून टाकलं.

"झोपेत माणूस काहीही बरळतं," अप्पा म्हणाले. "जागेपणी हो म्हणाली की ग ती."

पण दुसऱ्या दिवशी अक्काच्या शाळेला सुट्टी होती; दुपारी ती झोपल्यावर ते पेपर घेऊन आमच्या खोलीत येऊन बसले. पेपर उघडा होता, पान काही उलटत नव्हतं. उन्हाचा पट्टा अक्काच्या पायांवर आला.

"वल्ले," अक्का म्हणाली. थोड्या वेळानं, अगदी हळू, "वल्ले, अप्पा."

अप्पांनी पेपरची घडी केली. ते वाकले आणि कोर्टातल्या माणसाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाले, "आतु बिडवा." बरं, राहू दे ग. अक्कानं झोपेतच कूस बदलली. अप्पा चपला घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे गेले.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी पुण्याला नकार कळवल्याचं सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला. अक्का पांढरीफटक पडली.

"पण अप्पा, मी तर हो म्हणाले होते."

अप्पांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"म्हणालीस की. मराठीत."