कागदावर न आलेला शब्द

लांज्याहून पोस्टकार्ड आलं. 'कुसुम गेली.' खाली तिच्या नवऱ्याची सही. महिना होऊन गेला, तरी ते दोन शब्द माझ्याने वाचवत नाहीत... त्या घरात निघताना कुणी 'जाते' म्हणत नसे.

ऐंशी सालच्या सुरुवातीला मी रत्नागिरीच्या कॉलेजात शिकत होते आणि मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी लांज्याला तिच्या घरी भाड्याने राहिले होते. नवरा मुंबईला, कुसुमवहिनी काजूच्या कारखान्यात, बोटं काजूच्या तेलाने काळी. मुलांना आईची ओढ किती, हे मी मोजत होते! खोलीत खेळणी मांडायची, आईने काही न बोलता बाहेर पडायचं, तीन मिनिटं मी दाराच्या फटीतून बघायचं, आणि आई परतली की मूल काय करतं ते लिहायचं. वहिनीची सुलू तेव्हा दीड वर्षाची. वहिनी उठली आणि सवयीने बोललीच, "येतंय हां, बाय." सुलू रडली नाही. आई परतली तरी मान वर न करता डबे रचत बसली. तो शब्द नोंदवला असता तर चाचणी रद्द झाली असती, आणि मला तर मुलांची संख्या भरायची होती. मी शब्द गाळला आणि 'ओढ कमी' या रकान्यात फुली मारली.

वर शहाणपणा असा, की वहिनीने विचारलं तेव्हा तिला सांगूनही टाकलं.

"माजी पोर, नि माज्यावर जीव नाय तिचा?"

तेव्हापासून कारखाना सुटला, माहेर सुटलं. पुढे सुलू शाळेत, तर ही शाळेच्या पायरीवर. स्वतःलाच तिने कोंडून घेतलं. मी दोनदा जाऊन कबूल केलं, "वहिनी, चूक माझी होती." ती एवढंच म्हणाली, "कागदावर लिवलंत ना बाई तुमी?" गेल्या वर्षी डॉक्टरांनी उपचारासाठी मुंबई गाठायला सांगितलं, तर पोरीला सोडवेना म्हणून हिने दिवस ढकलले. मुंबईला गेली ती फार उशिरा, आणि तिथून परतली नाही. माझ्या फुलीने तिला धरून ठेवलं, हे मी कुणाला सांगू?

परवा लांज्याला गेले. सात वर्षांची सुलू उंबऱ्यावर बसली होती. "एक टिपूस नाय काढलान पोरीनं," शेजारीण कुजबुजली, "आयशीची ओढच नाय." माझंच वाक्य होतं ते. मी सुलूजवळ बसले. तिची नजर रस्त्यावर.

"आय येतंय बोललीय," ती मला म्हणाली.

बराच वेळ बसले. निघताना तो शब्द तोंडाशी आला, पण माझ्याने तो उच्चारवेना. काही न बोलता मी उठले आणि अंगण ओलांडलं.

मागे सुलू रडायला लागली.