सोपानच्या प्रेसचं रीडिंग

आवाज मोजायच्या धंद्यात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचतात. फायली निदान रद्दीत देता येतात. किस्से घरी घेऊन जावे लागतात, आणि सगळेच काही हसायचे नसतात.

*

लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं आणि पहिल्याच दिवशी मी द्वारका चौकात चार तास रहदारी मोजली. माइक रस्त्यावर स्टँडला, लॅपटॉप जीपमध्ये, काचा बंद. आलेख बघून आमचे सीनियर पगारे सर म्हणाले, "द्वारकेला लोकांनी हॉर्न वाजवायचं सोडलं का गं?"

सॉफ्टवेअरमध्ये आधी माइक निवडायचा असतो. मी निवडलाच नव्हता! ते बिचारं लॅपटॉपच्याच माइकवरून ऐकत बसलं होतं. चार तास आमच्या ड्रायव्हरचं घोरणं!

*

मग सातपूरचा एक कारखाना. तिथे सोपान अठरा वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर. मूळचा नांदगावकडचा. बोलताना अगदी जवळ येऊन तोंडाकडे बघायचा.

"म्याडम, कानात लय शिट्टी वाजते. मला स्टोअरला टाका म्हणतोय, कोण मनावर घेत नाय."

एचआरच्या साहेबांची अट होती, रीडिंग नव्वद डेसिबलच्या वर गेलं तरच बदली.

एकशे बारा आलं! सोपानने मला हात जोडले. साहेबांचा चेहरा उतरला.

*

लॅबमध्ये सरांनी दहा मिनिटांत चूक पकडली. मोजायच्या आधी माइकवर एक छोटं यंत्र बसवून ठरावीक आवाज देतात, आणि तो किती आहे ते सॉफ्टवेअरला सांगतात. आवाज होता चौऱ्याण्णवचा. मी टाइप केलं एकशे चौदा! म्हणजे सगळंच वीसने जास्त.

"वीस वजा केले तरी ब्याण्णव येतात की!" मी रडकुंडीला आले.

साहेब फोनवर गोड बोलले, "चुकीचा रिपोर्ट कसा घेणार, मॅडम? परत मोजा ना. सोमवारी या."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

*

सोमवारी बारापैकी सात प्रेस बंद. मेंटेनन्स म्हणे! फरशी धुतलेली, चहाबरोबर काजू. रीडिंग चौऱ्याऐंशी.

सोपान जवळ आला. "एवढं सगळं बंद अठरा वर्षांत पयल्यांदा बघितलं, म्याडम."

*

पण त्या दिवशी सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगही सुरू राहिलं होतं, माझ्याच वेंधळेपणामुळे. ऐकलं तर प्रेसवरचा सुपरवायझर स्पष्ट बोलतोय, "बाई गेटबाहेर पडल्या की सातही चालू करा."

सर खुर्चीतून उठलेच. "तुझी एक तरी चूक कामाला आली बाई!"

*

आम्ही थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि ते रेकॉर्डिंग ऐकवलं.

"हा कोणाचाही आवाज असेल," साहेब म्हणाले. "सोपान रोज त्याच्या हाताखाली असतो ना? त्याने ओळखला, तर बदलीवर आत्ता सही करतो." आणि त्यांनी खरंच पेन काढलं.

सोपानला बोलावलं. सरांनी त्याला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "त्याचा आवाज? झोपेत वळखीन, सर!"

मी व्हॉल्यूम फुल केला आणि लावलं. वाक्य केबिनभर घुमलं. दारातल्या शिपायाने आत डोकावून सुपरवायझरला शोधलं. मी परत लावलं.

सोपान लॅपटॉपच्या पडद्याकडे टक लावून बसला होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"लावा ना, म्याडम," तो म्हणाला. "मी तयार हाय."