पाट्यावरचा बोळा

मुरबाडच्या शोकसभेत बापूसाहेबांनी डॉक्टर गोदूताईंना ‘गोरगरीब बायकांची माउली’ म्हटलं, डोळ्यांना उपरणंही लावलं, आणि मी उठून बाहेर पडले. महिना होत आला, तरी माझं डोकं शांत झालेलं नाही. याच माउलीला या माणसानं दवाखान्यातून हाकललं होतं...

गोदू माझी बालमैत्रीण. डॉक्टर होऊन ती मुरबाडच्या धर्मादाय दवाखान्यात आली, तेव्हा बाळंतपणांनी पिवळ्या पडलेल्या बायका पाहून तिचा जीव तुटायचा. पाळणा लांबवायचा कसा, हे ती शिकून आली होती. पण सांगणार कुठे? घरात सासू, दारात नवरा. शेवटी तिनं पाचवीची पूजा गाठली. त्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाऊल टाकत नाही. धसईची ठकी सुईण पाट्यावर देवीची पूजा मांडायची आणि गोदू तिथेच बाळंतिणीला शिकवायची: स्वच्छ कापसाचा बोळा, त्याला दोरा, उकळून निववलेलं तेल; तेलात भिजवून नवऱ्याजवळ जाण्याआधी आत ठेवायचा. “अगदी खात्रीचा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा,” हेही ती प्रत्येकीला बजावायची. पहिल्याच वेळी ठकीनं तो बोळा पाट्यावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं! मी कपाळाला हात लावला. गोदू मात्र खदखदून हसली. “राहू दे गं. पाट्यावरच्या वस्तूला कोण पुरुष हात लावतोय? हिला दुसरा दे, स्वच्छ.”

बापूसाहेब दवाखान्याच्या मंडळाचे प्रमुख. कुणीतरी त्यांचे कान फुंकले. त्यांनी तिला बोलावून विचारलं, “हे पाप तुम्ही शिकवता?”

“मरण टाळायला शिकवते,” ती म्हणाली.

झालं! तिला काढलं, सुइणींना दम भरला, आणि नव्या डॉक्टरांनी या विषयावर तोंडच उघडायचं नाही असं ठरलं. गोदू माझ्याकडे शहापूरला आली. डोंगरवाडीची येसू त्याच दिवसांत बाळंत झाली. ‘यापुढचं मूल हिच्या जिवावर बेतेल,’ असं गोदूनं आधीच सांगून ठेवलं होतं. येसूच्या पाचवीला पाटा मांडला गेला, पण त्यावर बोळा नव्हता. ठकी भ्यालेली, गप्प. पुढच्या खेपेला येसू गेली, मूलही गेलं. बातमी ऐकून गोदू एवढंच म्हणाली, “मेली नाही ती. मारली तिला.” बापूसाहेब, हे वाक्य तुमच्या सभेत कुणी उच्चारलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. उपरण्यानं ते पुसलं जायचं नाही.

परवा धसईला एका पाचवीला गेले होते. ठकी आता वाकली आहे. तिनं बापयांना बाहेर घालवलं, दार लोटलं, दोरा बांधलेला एक बोळा पाट्यावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं.

“ठके, आता भीती नाही वाटत?”

“येसू गेली तवाच भीती मेली, बाय. आमी गप रायलो. आता नाय रायाचं.”

मग तिनं पिशवीतून दुसरा बोळा काढला आणि बाळंतिणीजवळ बसून हलक्या आवाजात सांगू लागली... तेच शब्द, त्याच क्रमानं. मी पाट्यावरच्या बोळ्याकडे बोट केलं. देवीचा ना हा, असं विचारलं.

“नाय गो,” ठकी म्हणाली. “ह्यो डाक्तरीणबाईंचा. पयला त्यांना, मंग पोरीला.”