भुंगेऱ्यांच्या मिशा

कागलहून कोल्हापूरला येताना सकाळच्या एसटीत एक तरणी पोरगी माझ्या बाकाशेजारी उभी होती. जागा रिकामी असून उभी, बरं का. दोन्ही तळहातांवर जेवणाचा डबा, त्यावर फडकं बांधलेलं. खड्डा आला की गुडघे मुडपून धक्का आपल्याच अंगात जिरवायची.

मी म्हटलं, “बस की गं, भाजी सांडंल.”

“भाजी न्हाय मावशी, हुमणीचे भुंगेरे हाईत. बसलं की दणका डब्यात जातोय आणि ह्यांच्या मिशा मोडत्यात. दोन खेपा वाया गेल्या.”

ती त्या मिशांवरच संशोधन करत होती. हुमणीची अळी उसाची मुळं खाते आणि तिचाच पुढं भुंगेरा होतो, हे आम्हाला ठाऊक. पण भुंगेरा वास घेतो तो मिशांनी, हे मला तिनं सांगितलं. कुठल्या वासाला तो येतो ते कळलं, की औषध न मारता त्याला पकडता येईल.

“मिशा हाईत म्हंजे सगळे गडीच व्हय?” मी विचारलं.

“बायकांनाबी असत्यात. गड्यांच्या मोठ्या. बायको हुडकायची असती न्हवं.”

“आमच्या मिशांचा काय उपयोग झाला न्हाय बघा,” कंडक्टर म्हणाला.

तेवढ्यात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. ती गुडघ्यांवर आपटली, पण हात वर तसेच, डबा सरळ. सलवार फाटून रक्त आलं. कंडक्टर धावत आला.

“लई लागलं काय गं?”

तिनं फडक्याचं टोक उचललं. एकेक भुंगेरा निरखून बघितला.

“न्हाय,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या शाबूत हाईत.”