फोटो नाही, नावही नाही

बुधवार. सकाळी सातला ताई गेल्या. दुपारी नदीकाठी अंत्यविधी झाला.

ताईंचा फोटो टाकत नाही. नावही लिहीत नाही. मला भीती वाटते.

आम्ही दोघींनी भंडारा जिल्ह्यात घरोघर जाऊन बायकांच्या लपवलेल्या आजारांचा एक सर्व्हे केला होता. हे घरच्यांना कळलं तर तिथे राहणं कठीण होईल, असं बायका आम्हाला सांगायच्या. फॉर्मवर फक्त नंबर.

ताई मला बजावायच्या, "बाजारात भेटली तरी तू तिले ओळखत नाही. समजलं काय?"

मी विसरले.

(ठिकाण, नातं बदलून लिहिते.) बाजारात त्यातली एक दिसली. मी सवयीने तिच्या तब्येतीचं विचारलं. एकच वाक्य.

तिच्या सोबतचा दीर थांबला. "तुले काहून माहीत?"

ती खाली बघत होती.

ताई पुढे झाल्या. "अगा भाऊ, हिले साऱ्या गावाची चिंता! काल माह्या गुडघ्याचं पानठेल्यावाल्याले सांगून राहिली होती."

आजूबाजूचे हसले. दीर हसला नाही.

बसमधून उतरताना ताई म्हणाल्या, "आज तिच्या घरी काय होईल, ते आपल्याले विचारताही येत नाही आता."

अजून माहीत नाही. समोरून एखादी बाई घरच्या माणसासोबत आली की मी मान वळवते.

आज अंत्यविधीलाही मी मान वर केली नाही. त्यातलं कुणी आलं होतं का, ते लिहिणार नाही.

संध्याकाळी ताईंच्या मुलीचा फोन आला. "मावशी, चौकात बॅनर लावून राहिलो. आईचा तुमच्यासंगचा फोटो आहे ना? त्यात हसून राहिली ते. पाठवा."

"आहे. पण देणार नाही."

"काहून?"

मी तिला जेवलीस का, ते विचारलं. तिने फोन ठेवला. बाळा, रागावू नकोस.

त्या फोटोत मागे सर्व्हेतल्या एका घराचं दार आहे. रंग लिहीत नाही. गावात दारावरून घर ओळखतात, हे तुझ्या आईनेच मला शिकवलं.

ताई, तुमचं नाव मनातच घेतलं. या आता.

फोटो पेटीत साड्यांच्या खाली ठेवला. कुलूप लावलं.

मग सूप घेऊन तांदूळ निवडत बसले.