मामांची नौकागाडी

साक्षात परमेश्वर भेटायला आला आहे असं कुणी आमच्या मामेसासऱ्यांना सांगितलं, तर ते आधी गॅलरीत जाऊन तो कशात बसून आला ते बघतील, आणि वाहन बरं असेल तरच अंगात सदरा घालतील. गाडीवर एवढं प्रेम करणारा दुसरा माणूस अख्ख्या कोलकात्यात नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जन्म इथल्याच बेहाला भागातला, नोकरी खिदिरपूरच्या गोदीत इंजिनियरची, बोलणं पुणेरी मराठीत आणि भांडण अस्खलित बंगालीत. मी बँकेच्या बदलीवर इथे आलो तेव्हा मुलगी बघण्याचा कार्यक्रम त्यांच्याच घरी होता. पोह्यांची बशी हातात यायच्या आत मामांनी मला खाली अंगणात नेलं, एका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ माझ्या कानाला लावली आणि काय ऐकू येतं ते विचारलं. मी म्हटलं, खटखट. कितव्या सिलिंडरची, असा पुढचा प्रश्न आला. मला तोवर स्वयंपाकघरातला सिलिंडर तेवढा ठाऊक होता. अंदाजपंचे म्हणालो, तिसऱ्या. मामा तडक वर गेले आणि जमलेल्या मंडळींना म्हणाले, "मुलाला कान आहे." पत्रिका कुणी उघडलीच नाही. आजही संसारात काही बिनसलं की बायको त्या तिसऱ्या सिलिंडरचा उद्धार करते.

ते इंजिन ज्या गाडीचं, ती गाडी कुठल्याही कारखान्यात तयार झालेली नाही. कुण्या इंग्रज साहेबाने मागे टाकलेल्या एका मोटारीचा गंजका सांगाडा मामांना ऐन तारुण्यात गोदीमागच्या भंगारात सापडला. इंजिन होतं, चाकं होती, वर मात्र काहीच नव्हतं. मामांनी गोदीतल्या होड्या बांधणाऱ्या सुतारांना हाताशी धरलं. त्या लोकांनी जन्मात मोटार बांधली नव्हती. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं, आणि सागवानी फळ्या वाकवून वाकवून सांगाड्यावर एक होडी चढवली. पुढून मोटार, मागून निमुळती होत गेलेली नाव. दिवे एका मोडीत निघालेल्या लाँचचे, आणि भोंगाही तिचाच. तो वाजला की बेहाल्यातले रिक्षावाले वाट सोडण्याऐवजी आधी गंगा कुठल्या बाजूला आहे ते बघतात. पाड्यातली, म्हणजे आपल्या भाषेत आळीतली, पोरंसोरं तिला नौकागाडी म्हणतात. मामांना हे नाव मनापासून आवडतं, पण तोंडावर ते तसं दाखवत नाहीत.

या गाडीची वर्षातून दोनदा पूजा होते. भाद्रपद सरता सरता विश्वकर्मा पूजेला, आकाशात पतंग उडत असताना, बंगाली पद्धतीने. आणि पुढे दसऱ्याला झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं लावून आपल्या पद्धतीने. दोन्ही वेळा भटजी वेगळे, प्रसाद वेगळा. मामी म्हणतात, माझ्या वाट्याला एक वटसावित्री, आणि हिला दोन-दोन सण. रविवारी सकाळी गल्लीत गाडीचं दर्शन असतं. जुन्या गाड्यांचे शौकीन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सॉल्ट लेकहून येतात, मातीच्या भांड्यातून चहा पितात, वाकून, बसून, प्रसंगी रस्त्यावर आडवे होऊन गाडी बघतात. नेमाने येणारे एक डॉक्टरबाबू आहेत, त्यांनी एकदा होडीच्या त्या निमुळत्या शेपटावरून हात फिरवला आणि डोळे मिटून नुसतं "आहा" म्हणाले. त्या एका "आहा"वर मामांनी त्यांना जिलबी खाऊ घातली. त्याच सकाळी कुणीतरी ब्रेक लागतात का असं विचारलं. त्याला चहाही मिळाला नाही.

वास्तविक तो प्रश्न अगदी योग्य होता. या गाडीत क्लच डावीकडे, ब्रेक उजवीकडे, आणि ॲक्सिलरेटर त्या दोघांच्या मधोमध. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांची हीच रीत होती, असं मामा सांगतात. म्हणजे आपण हल्लीची माणसं गाडी थांबवायला ज्या जागी पाय देतो, नेमकी तिथेच ही उधळते. मला हे सगळं समजावून सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. पण मान आणि पाय यांचा परस्परांशी संबंध नसतो. लग्नानंतरच्या पहिल्याच दुर्गापूजेच्या तोंडावर मी हौसेने गाडी काढली, समोर मांजर आडवं आलं, मी सवयीने मधलं पेडल दाबलं आणि अर्धवट उभारलेल्या पूजेच्या मांडवात बांबूंसकट शिरलो. पाड्याच्या पूजा मंडळाचे सेक्रेटरी धावत आले आणि म्हणाले, जामाईबाबू, देवी यायला अजून आठवडा आहे. मामाही आले. त्यांनी आधी गाडीचं नाक तपासलं, मग मागे जाऊन फळ्या तपासल्या, मग मांजराची चौकशी केली, आणि शेवटी माझ्याकडे वळले. त्यानंतर कित्येक वर्षं स्टिअरिंगला मामांखेरीज कुणाचाही हात लागला नाही.

या सगळ्या वैभवात एकच सल होता. थंडीत शहरात जुन्या मोटारींची मोठी फेरी निघते, आणि तिच्यात नौकागाडीला प्रवेश नव्हता. मामा दरवर्षी अर्ज करायचे, दरवर्षी दोन प्रश्नांवर घोडं अडायचं: गाडी कुठल्या कंपनीची, आणि कुठल्या सालची? मामा बाणेदारपणे उत्तर द्यायचे की कंपनी मी, आणि साल अजून चालू आहे. दरवर्षी नकार. फेरीच्या दिवशी मामा सकाळपासून गाडीखाली झोपून काहीतरी दुरुस्त करत राहायचे, आणि मामी त्यांचं जेवण वाढायच्या आधी दोनदा गरम करायच्या.

गेल्या थंडीत मात्र इथल्या कारागिरांच्या हातच्या गाड्यांसाठी वेगळा गट निघाला आणि चक्क मामांना आमंत्रण आलं. मामांनी गल्लीत रसगुल्ले वाटले. आणि त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. समोरचं नीट दिसतं, पण आजूबाजूचं सगळं गेलेलं. आता गाडी चालवायची नाही. पगारी ड्रायव्हर आणू या असं मी सुचवलं, तेव्हा मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मांडवातले बांबू आठवले.

मग त्यांची मुलगी पुढे आली. सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत नोकरी करणारी, स्वतःची नवी गाडी रोज चालवणारी. तिचं मराठी कोलकात्यात वाढलेल्या पोरांचं असतं तसं, जरा पाहुण्यासारखं. पण जिद्द बापाची. बेहाल्याच्या मैदानावर रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. ती पहिल्याच दिवशी मधल्या पेडलवर फसली आणि मैदानावरची क्रिकेटची टीम झाडावर चढली. मामा शेजारच्या सीटवरून ओरडायचे आणि नसलेला ब्रेक दाबून दाबून त्यांनी पायाखालची चटई झिजवली. ती म्हणायची, बाबा, तुमी ओरडता ना, पाय घाबरून जातं. पुढे तिने काय करावं? स्वतःची गाडी कव्हर घालून उभी करून ठेवली आणि ऑफिसला मेट्रोने जाऊ लागली. पायांनी एकच काय ते शिकायचं, दुसरं विसरायचं. हे तिने आम्हाला सांगितलं नाही, मामींना शेजारच्यांकडून कळलं. मामांना कळलं तेव्हा त्यांचं ओरडणं निम्म्यावर आलं.

फेरीच्या सकाळी शहरातल्या मोठ्या मैदानाजवळ गाड्यांची रांग लागली होती. मामा ठेवणीतला कोट घालून शेजारी बसले होते. झेंडा पडायची वेळ आली आणि मुलीने हळूच म्हटलं, "बाबा, तुमी उतरा. तुमचा पाय हलतो, तर माझापण हलतो."

मी म्हटलं, आता संपलं. मामांनी स्टिअरिंगकडे पाहिलं, पोरीच्या पायांकडे पाहिलं, आणि दार उघडून खाली उतरले. त्यांच्या जागी मामी बसल्या. पदर खोचून, जणू इतकी वर्षं याच बोलावण्याची वाट बघत होत्या.

मामा आणि मी पुढच्या वळणावर गर्दीत जाऊन उभे राहिलो. लखलखीत गाड्या जात होत्या. मामा एकेकीला नावं ठेवत होते, पण त्यात नेहमीचा जीव नव्हता. ते दर मिनिटाला माझं मनगट दाबत होते. मग तो भोंगा वाजला. गर्दीने माना वर केल्या आणि नौकागाडी आली. पोरीची नजर समोर, हात स्थिर, मामी राणीसारख्या ताठ. वळणावर तिने वेग कमी केला, अगदी अलगद, योग्य पेडल दाबून, आणि ते सागवानी शेपूट उन्हात झळकत आमच्या समोरून वळलं. गर्दीतून एक भलामोठा "आहा" उठला.

मामा पुटपुटले, "चालताना ही अशी दिसते?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस जन्मभर गाडीच्या आत होता. त्याने तिला उभी पाहिली होती, उघडी पाहिली होती, खालून पाहिली होती. रस्त्याने जाताना कधीच नाही. ते सुख सगळ्या बेहाल्याने रोज फुकट लुटलं होतं, एकटे मामा वगळून.

"एवढी देखणी आहे, मला कुणी बोललं नाही," ते म्हणाले. गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे दुसरं काहीच बोलत नव्हतो, हे त्यांना त्या वेळी सांगणं मला जमलं नाही. गाडी पुढे निघाली होती. मामांना कडेचं दिसत नाही, म्हणून ते नुसती मान न वळवता सगळेच्या सगळे तिच्याबरोबर वळत होते, हळूहळू, पायांची जागा बदलत, ती त्यांच्या त्या अरुंद उजेडातून निसटू नये म्हणून.